सकाळपुरती फुलं

लोसालिनेचं शिलाई मशीन मी उचलून आणलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मला त्यात काहीही वावगं वाटलं नव्हतं. चोरून नाही आणलं. भर दुपारी तिच्या दारात उभी राहून म्हटलं, "मला हे हवंय." तिनं त्यावरचा अर्धवट शिवलेला फ्रॉक काढून घेतला, मशीन पुसलं, वर सुयांची डबी ठेवली आणि स्वतः माझ्या घरापर्यंत आणून दिलं. जाताना म्हणाली, "तेल वेळच्या वेळी घाल हं, फिफिता. समुद्राची हवा आहे."

लोसालिने माझी मामेबहीण. माझी आई तिची आत्या, आणि आमच्या व्हावाउ बेटांवर आत्या म्हणजे घरातला शेवटचा शब्द. आत्यानं आणि आत्याच्या मुलांनी भावाच्या घरात काहीही मागावं, भावाच्या मुलांनी हसतमुखानं द्यावं. तोंड वाकडं करायचं नाही, परत मागायचं नाही. मी घेणाऱ्यांच्या घरात जन्मले, ती देणाऱ्यांच्या. यात माझी कर्तबगारी शून्य, पण तोरा असा मिरवला की विचारू नका.

त्या मशीनवर ती तीन गावांच्या शाळेचे कपडे शिवायची. मी त्यावर दोन फ्रॉक शिवले, तेही उसवले. मग तेल घालायला विसरले. वर्षभरात मशीन खिडकीखाली गंजून गेलं. आई म्हणाली, "असू दे, वर फुलदाणी ठेव."

नंतर तिनं डुकरं पाळली. लग्नकार्यांना विकायची म्हणून नऊ डुकरं, सगळी गुबगुबीत, प्रत्येकाला नाव. नेमकं माझंच लग्न निघालं. आई हातपंखा घेऊन तिच्या अंगणात गेली आणि पंख्यानंच एकेक दाखवत सुटली. हे, हे आणि ते. नऊच्या नऊ गेली. लग्नात लोसालिने पहाटेपासून आगीपुढे बसून ती भाजत होती, आणि पंगतीत तिनंच माझ्या पानावर मऊ तुकडा निवडून वाढला. मी खाल्ला. चव अजून आठवते, म्हणूनच लाज वाटते.

मध्ये बरीच वर्षं गेली. तिनं दोन मुली वाढवल्या, त्या ऑकलंडला गेल्या. पाठोपाठ तिचा नवरा कलाफी तिकडच्या फळं भरायच्या कारखान्यात लागला. लोसालिनेनंही आज ना उद्या जायचं हे सगळ्यांनी धरून ठेवलेलं. आणि ही बाई चाळिसाव्या वर्षी कोयता घेऊन बापाच्या पडीक रानात झुडपं तोडायला लागली.

मी मुद्दाम बघायला गेले. "आता कसलं खूळ?"

"व्हॅनिला लावतेय."

"व्हॅनिला! तुला काय येतं त्यातलं?"

"काही नाही."

"मग तीच का?"

तिनं कोयता खाली ठेवला. चेहरा अगदी साधा. "मी फार विचार केला, फिफिता. म्हटलं, जगात असं काय आहे की जे कोणी मागून नेणार नाही? हिरवी शेंग कच्ची खाता येत नाही. शिजवता येत नाही. तिला वास नाही. नऊ महिने वेलीवर राहते, मग तीन महिने कधी उन्हात, कधी घोंगडीत. एवढा दम आहे कुणाला? तुला आहे?"

मी हसले. तीही हसली. घरी आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिनं मला माझ्याच तोंडावर चोर म्हटलं होतं, आणि वर शहाळं पाजून पाठवलं होतं.

व्हॅनिलाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारी मिटतं. एकच सकाळ. तेवढ्यात त्याला हात लागला तर शेंग, नाही तर संध्याकाळी गळून मातीत. हे काम करणारी मधमाशी आमच्या बेटांवर नाही, त्यामुळे माशीही लोसालिनेच. लिंबाच्या काट्यानं फुलातला बारीक पडदा उचलायचा आणि अंगठ्यानं हळूच दाबायचं. पुढचं फूल. पुन्हा तेच. ऐन हंगामात दिवसाला सहाशे-सातशे फुलं, एकटीनं.

आणि रविवार. रविवारी आमच्याकडे कोणी काम करत नाही. देवाचा नियम आहे आणि सरकारचाही. फुलांना मात्र कोणी सांगितलेलं नाही. ती रविवारीही उमलतात, तितकीच, आणि वाया जातात. आठवड्याच्या कमाईचा सातवा हिस्सा नुसता बघत घालवायचा. लोसालिने तो खरोखर बघत घालवायची. चर्चमधून निघाली की पांढऱ्या कपड्यांतच रानात जायची, दोन्ही हात पाठीमागे धरायची आणि वेलींमधून फिरायची.

मी एकदा गाठलंच. "काय गं, फुलांना प्रार्थना शिकवतेस?"

"बघणं म्हणजे काम नाही. पाद्रीबाबांना विचारून आलेय."

"मग हात मागे कशाला?"

"हातांचा भरवसा नाही," ती म्हणाली.

तिसऱ्या वर्षी पहिल्या शेंगा धरल्या, चाळीसेक असतील. आता पहिलं पीक मोठ्यांना द्यायचं ही आमची रीत. तिनं त्यातल्या सगळ्यात लांब, सगळ्यात जाड शेंगा हिरव्यागार खुडल्या, पानात बांधल्या आणि आईपुढे आणून ठेवल्या. ज्या पिकाला कोणी हात लावणार नाही म्हणून लावलं, ते तिनं आपण होऊन, कच्चंच, आत्याच्या पायाशी आणलं! सवय ती हीच. आईनं त्या शेंगा नारळाच्या दुधात, मटणाबरोबर शिजवल्या. एक घास खाल्ला आणि म्हणाली, "गवत आहे गं हे. गवत लावलंस?" ही गोष्ट गावभर झाली. चर्चच्या पायरीवर बायका तिला विचारायच्या, "लोसालिने, गवत कसं आहे?" ती म्हणायची, "वाढतंय."

चौथ्या वर्षी वादळ आलं. वेल ज्या झाडांवर चढवले होते ती झाडंच आडवी झाली. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा वाटलं होतं, रडत असेल. ती चिखलात बसून वेलीचे हातभर तुकडे कापत होती, आणि सावलीत ओळीनं मांडत होती.

"हे काय?"

"थोडे सुकले की परत लावायचे. ओले लावले की कुजतात."

"म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून कसं? मागच्या वेळी हे तुकडे दुसऱ्याकडून मागून आणावे लागले होते. आता माझे आहेत."

मला तिचा राग आला होता, खरंच सांगते. इतकं सहज उठून उभं राहणारं माणूस समोर असलं की आपल्या बसून राहण्याची किंमत कळते. मी म्हटलं, "वेडी आहेस," आणि घरी आले.

कलाफी मात्र थकला. वाईट माणूस नाही तो. एकटा राहून, एकट्यासाठी भात शिजवून कंटाळला होता. फोनवर म्हणाला, "लोसा, सात वर्षं झाली. मी तुला ओरडत नाही. पण मला घरी कोणी पाहिजे. एक तर तू ये, नाही तर मला सांग की कधीच येणार नाहीस." ती म्हणाली, "एक फुलोरा दे. यंदा वेल पहिल्यांदा भरून फुलणार आहेत. शेंगा धरल्या तर तू परत ये. नाही धरल्या तर मी बाग सोडते, तिकडे येते, तुझ्यासाठी भात शिजवते, आणि व्हॅनिलाचं नाव काढत नाही." कलाफीनं मानलं. तिनं शब्द दिला म्हणजे दिला, हे त्याला माहीत होतं.

त्याच वर्षी आई अंथरुणाला खिळली.

फुलोरा सुरू झाला तसं लोसालिनेचं ठरून गेलं. सकाळ बागेत, दुपार आईच्या पायाशी. खोबरेल तेल घेऊन पाय चोळत बसायची. आई डोळे मिटूनच विचारायची, "आज किती?"

"सहाशे दहा, आत्या."

"आणि माझ्या गवताला भाव काय?"

"अजून ठरायचाय, आत्या."

"रविवारची किती गेली?"

"रविवारची मी मोजत नाही."

"खोटारडी," आई म्हणायची, आणि पाय जरा पुढे सरकवायची.

माझ्या आईनं उभ्या आयुष्यात कोणाची माफी मागितली नाही. तिच्या जागेवर बसलेल्या बाईला मागावी लागत नाही. पण एका दुपारी ती डोळे उघडून म्हणाली, "लोसालिने, मी गेले की तुझ्या सकाळी जातील."

हे खरं होतं, आणि आम्ही तिघीही ते मनात धरून होतो. आत्या गेली की भावाकडच्या माणसांची जागा मागच्या चुलीपाशी. येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी रांधायचं, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत, सगळं दुःखकार्य उरकेपर्यंत. तिथून उठून आपल्या रानात गेलेलं माणूस आमच्या बेटांवर अजून जन्मलेलं नाही.

"असं बोलू नका, आत्या."

"गप्प बस. फुलं संपायला किती दिवस?"

"तीन आठवडे असतील."

"मग तेवढी थांबते मी," आई म्हणाली. "विचार पक्का आहे."

आणि खरंच थांबली हो. डॉक्टर म्हणाला होता दोन दिवस. आई रोज सकाळी डोळे उघडायची, खिडकीकडे बघायची, चिडल्यासारखी श्वास घ्यायची. दुपारी विचारायची, "आज किती?" अकरा दिवस तिनं काढले. बाराव्या दिवशी, मंगळवारी, लोसालिने यायच्या जरा आधी, तिला जमलं नाही.

ऑकलंडहून आणि सिडनीहून माझे भाऊ यायचे होते, म्हणून माती पुढच्या सोमवारी ठरली. तोवर घर माणसांनी भरलं. मी आत, चटयांच्या थरावर, काळ्या कपड्यांत. लोक येत, गात, रडत, जेवत. जेवण मागून येत होतं. मागे कोण आहे, हे जेवणाराला बघायची गरज नसते.

बुधवारी सकाळी मला गुदमरल्यासारखं झालं म्हणून मी उठून मागच्या दारी गेले. धूर दाटला होता. फेलेतीमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, चुलीवरच्या कामाचा म्होरक्या, ओरडून लाकडं मागत होता. आणि एका कोपऱ्यात लोसालिने रताळी सोलत होती. दुखवट्यात कमरेभोवती गुंडाळायची ती चटई फाटकी आणि केवढी तरी मोठी, पार कानापर्यंत आलेली. ज्याचं नातं खालचं त्याची चटई मोठी, त्यामुळे तिची सगळ्यात मोठी. केस मोकळे, डोळे धुरानं लाल.

सात वाजले असतील. ऊन वर येत होतं.

मी जवळ गेले. "फुलं?"

"आहेत," ती म्हणाली. वर बघितलं नाही.

"किती?"

"आजपासून जास्त. हा आठवडाच मोठा." मग माझा चेहरा बघून घाईघाईनं म्हणाली, "पुढच्या वर्षी येतील गं. वेल कुठे जातायत?"

वेल कुठे जात नव्हते. तीच जाणार होती. कलाफीला दिलेला शब्द मला ठाऊक होता. तिनं दुसरं रताळं उचललं, आणि तेव्हा मी तिचा हात बघितला. एका हातात सुरी, दुसऱ्या हातात रताळं, आणि त्या रताळ्यावर तिचा अंगठा आपला आपण चालला होता. हळूच दाबायचा, सरकायचा, पुन्हा दाबायचा. तिला पत्ताही नव्हता. हात इथे बसून तिकडची फुलं उरकत होते.

माझ्या आईनं या बाईसाठी अकरा दिवस मरण अडवून धरलं होतं. आणि मी? मी मशीनवर फुलदाणी ठेवणारी.

मी मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "लोसालिने, मला तुझी बाग हवीय."

फेलेतीमामाच्या हातातलं लाकूड हातातच राहिलं.

"पोरी," तो म्हणाला, "तुझ्या आईला अजून माती दिली नाही."

"मला माहीत आहे, मामा. मला बाग हवीय. आत्ता."

"लाज आहे का काही?"

"नाही. मी आत्याची मुलगी आहे. मागू शकते की नाही? तेवढं सांगा."

मामा थुंकला, पण नाही म्हणाला नाही. कसं म्हणणार? मी लोसालिनेकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावरचं एकेक करून सगळं निघून गेलं. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं रताळं खाली ठेवलं, हात चटईला पुसले, आणि मशीन देताना म्हणाली होती त्याच आवाजात म्हणाली, "घे, फिफिता."

तो एक क्षण मी आयुष्यात विसरणार नाही. माझा बेत मला माहीत होता, तिला माहीत नव्हता, आणि तरी ती "घे" म्हणाली.

"घेतली," मी म्हटलं. "आता बाग माझी. आणि माझ्या बागेतलं एक फूल वाया गेलेलं मला खपणार नाही. मला ते काम येत नाही. तुला येतं. ऊठ. रोज सकाळी माझ्या बागेत जायचं आणि दुपारी इथे परत यायचं. आत्याच्या मुलीनं काम सांगितलंय, लोसालिने. नाही म्हणणार आहेस?"

तिनं मामाकडे बघितलं. मामा लाकूड हातात घेऊन उभा. त्याचा राग कुठे ठेवावा हे त्याला कळेना. शेवटी तो लाकडालाच म्हणाला, "आता ती म्हणतेय तर जायला पाहिजे. आम्ही कोण मध्ये पडणारे?" आणि पाठ वळवून चुलीत फुंकर मारायला लागला. खूप वेळ फुंकत होता.

लोसालिने उठली. चटईच्या घडीत बोटं घातली आणि काहीतरी काढलं. लिंबाचा काटा. म्हणजे ही बाई मैताच्या चुलीपाशी काटा खोचून आली होती! इथून सुटका नाही हे माहीत असून, आणला होता.

ती गेली ती पळतच. चटई सोडली नाही, सोडायचीही नव्हती. मी दारातून बघत होते. चढावर ती भली मोठी फाटकी चटई झाडांत अडकत, सुटत, वर वर जात होती.

गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी तेच झालं. शनिवारी फेलेतीमामानं केळीच्या पानात बांधून काहीतरी तिच्या हातात कोंबलं. "बागेत खा. मालकिणीचं काम आहे, उपाशीपोटी बिघडायचं."

रविवारी चर्चनंतर मी पाहुण्यांना घरात सोडून रानात गेले. ती होतीच, वेलींमध्ये उभी, हात पाठीमागे. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि मीही हात पाठीमागे धरले. चहूकडे फिकट पिवळी फुलं उघडी होती, दुपारी मिटायची म्हणून जिवाच्या आकांतानं उघडी. आई गेल्यापासून मी सगळ्यांदेखत रीतसर रडले होते. तिथे पहिल्यांदा खरी रडले.

"किती असतील गं?" मी विचारलं.

"आठशे सत्तर," लोसालिने म्हणाली. "आत्यांना खोटं सांगायचे मी. रविवारची पण मोजते."

सोमवारी आईला माती दिली. दहा दिवसांनी रीतीप्रमाणे लोसालिनेचे केस कापले. फुलोरा संपेपर्यंत ती माझ्या हुकमानं जात राहिली आणि शेंगा अशा धरल्या की वेल वाकले. नऊ महिन्यांनी त्या खुडल्या, मग उन्हात, घोंगडीत, परत उन्हात. तिच्या घरावरून गेलं तरी माणूस थबकायचं, असा वास. कलाफी बघायला म्हणून आला, दार उघडलं, उंबऱ्यात उभा राहिला, आणि आत न येताच म्हणाला, "एवढं सगळं आपलं?"

"आपलं नाही," लोसालिने म्हणाली. "फिफिताचं आहे."

कारण बाग मी परत दिलेली नाही. आमच्याकडे घेतलेलं परत द्यायची रीतच नाही. शेंगा ती विकते, धंदा ती करते, यंदा आणखी दोन बायका तिनं हाताखाली घेतल्यात. दर वर्षी पहिली जुडी, नीट सुकवलेली, काळी, तुकतुकीत, माझ्या दाराशी येते. त्याच्यापलीकडे मला काही मिळत नाही आणि नको. पण मालकीण मी.

लोकांना वास लागला की ते येतातच. कोणाचं लग्न, कोणाची शाळा, कोणाचा दूरचा पुतण्या. थोडी व्हॅनिला दे, म्हणतात, थोडी बाग दे. लोसालिनेला आजही नाही म्हणता येत नाही. ती हसतमुखानं हात पसरते आणि सांगते, "माझी असती तर दिली असती हो. पण आत्याच्या मुलीनं घेतलीय. तिला विचारा."

मग ते माझ्याकडे येतात. मी त्यांना बसवते, शहाळं देते, सगळं ऐकून घेते. आणि नाही म्हणते.